पडद्याकडे पाठ

मंडळाच्या अंकासाठी त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहा, असं मला सांगितलंय. चांगले शब्द माझ्याकडे नाहीत. मी सातवी नापास माणूस, जन्मभर गोडाऊनमध्ये खोकी उचलली. त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. तुमच्यावरही आहे. तेव्हा छापायचं तर जसंच्या तसं छापा, नाहीतर राहू द्या.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या वहीत तरी कुणाचं नाव कुठे होतं? सगळे सीट नंबर. मी आठ. आमची ही सात.

तो मूळचा कोल्हापूरचा. तिथे एका थेटरात डोअरकीपर होता. तिकीट फाडायचं, बॅटरी मारून माणसाला खुर्चीपर्यंत न्यायचं, पडदा ओढायचा, एवढं काम. इकडे इंग्लंडात आला तो माझ्यासारखाच, नातेवाइकाने बोलावलं म्हणून, आणि स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये माझ्याच शिफ्टला लागला. डोक्यातून थेटर काही गेलं नाही. खिशात तीन सेलची बॅटरी कायम. भर दुपारी बाथ रोडवर कुणी पत्ता विचारला तर बॅटरी पेटवून दाखवायचा, “असे सरळ जा.” गोरे बघत राहायचे.

बसमध्ये तो उलट्या तोंडाच्या सीटवर बसायचा. ती रिकामी नसेल तर उभा राहायचा, पण सुलटा बसायचा नाही. मी एकदा म्हटलं, “अरे, मळमळत नाही का तुला?”

“तुला सुलटं बसून काय दिसतं?”

“रस्ता दिसतो.”

“रस्ता ड्रायव्हर बघतोय की. मी माणसं बघतो.”

आता तुम्हाला सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, पण नवीन आलेल्यांसाठी सांगतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी अडीचला, चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये तो मंडळासाठी सिनेमा लावायचा. खिडक्यांना ब्लँकेटं टांगायची. खुर्च्यांच्या पाठीवर खडूने नंबर. फुकट सिनेमा, पण तिकीट पाहिजेच. रॅफलच्या, म्हणजे सोडतीच्या, चिठ्ठ्यांचं बुक आणायचा, दारात एकेकाची चिठ्ठी फाडून अर्धी हातात द्यायचा. अर्धी हरवली तर आत प्रवेश नाही. एकदा आपले अध्यक्ष टॉयलेटला जाऊन आले आणि चिठ्ठी खिशात सापडेना, तर त्यांना इंटरव्हलपर्यंत बाहेर उभं केलं होतं. त्यांनी ते मनात ठेवलं, असं मला वाटतं.

आणि सिनेमा सुरू झाला की हा काय करायचा? पडद्याच्या खाली एक स्टूल. त्यावर आमच्याकडे तोंड करून, पडद्याकडे पाठ करून बसायचा. मांडीवर वही, मनगटावर घड्याळ, पडद्याचा उजेड आमच्या तोंडांवर, आणि हा आमच्या तोंडांकडे बघून लिहितोय. अडीच-तीन तास. इतकी वर्षं सिनेमे दाखवले, त्यातला एकही त्याने बघितला नाही. कुणी विचारलं, “कालचा सिनेमा कसा होता हो?” तर म्हणायचा, “पाऊण तासाने सगळ्यांनी पाय हलवले. वाईटच असणार.”

सिनेमा संपला की दिवे लावायचे आणि एकेकाने उभं राहून एक वाक्य बोलायचं. सगळे बोलल्याशिवाय चहा नाही, हा त्याचा कायदा. कुणी “छान होता” म्हणालं की तो वही वर करायचा. “तुम्ही तीन वाजता घड्याळ बघितलं, सव्वातीनला बघितलं, साडेतीनला बायकोचं बघितलं. कुठला भाग छान होता?” लोक हसायचे. मीही हसायचो. माझ्या नावावर वहीत झोपेशिवाय काही नव्हतं, म्हणून मला तो काही विचारायचा नाही. “आठ नंबर ठरल्याप्रमाणे,” एवढंच म्हणायचा.

चहा आमची ही करायची. तुमच्यापैकी कुणाला वाटलं असेल तिला हौस होती. तिला हौस नव्हती. कॉलेजच्या कँटीनमध्ये वीस-बावीस वर्षं काम केलेली बाई, मोठं भांडं तिला झेपतं, म्हणून पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, “वहिनी, जरा बघता का?” ते शेवटपर्यंत बघितलं.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. अध्यक्षांची मुलगी तेव्हा युनिव्हर्सिटीत होती. इथेच जन्मलेली पोर, मराठी बोलते ते ठेचकाळत, पण बोलते. ती एक डीव्हीडी घेऊन आली. तिच्याच ओळखीतल्या कुणीतरी काढलेला सिनेमा. इंग्लंडातल्या कॉलेजात गोरी पोरं, काळी पोरं, आपली पोरं कशी राहतात, एकमेकांशी कशी वागतात, यावर. अध्यक्षांना तो नको होता. पण पोरीला नाही कसं म्हणणार, आणि त्याला काय, त्याला पडद्यावर काय आहे याच्याशी देणंघेणंच नव्हतं.

गोष्ट साधी होती. हॉस्टेलमध्ये एका गोऱ्या मुलाचा लॅपटॉप चोरीला जातो. आळ येतो एका काळ्या मुलावर. त्याच्या शेजारच्या खोलीत आपला एक मुलगा असतो. त्याला माहीत असतं की चोर दुसराच आहे. तो बोलत नाही. झालं. काळ्या मुलाला काढून टाकतात. मला इंग्रजी अर्धं कळतं, पण एवढं कळलं.

सुरुवातीच्या वीसेक मिनिटांत त्या आपल्या मुलाला आईचा फोन येतो. आई विचारते, कुणाबरोबर जेवतोस? आणि सांगते, गोऱ्यांबरोबर बस, नाहीतर आपल्यांबरोबर बस, त्या तसल्यांबरोबर बसू नकोस. हॉल खदखदून हसला. ती बाई बोललीच तशी, अगदी आपल्यासारखी. मीही मोठ्याने हसलो. ते लपवत नाही. आमच्या इस्टेटच्या कँटीनमध्ये गोरे आम्हाला वाटेल ते बोलायचे, आणि आम्ही डबे घेऊन काळ्यांपासून दोन टेबलं सोडून बसायचो. ज्याने केलंय त्याला हसू लवकर येतं.

मग मला झोप लागली.

सिनेमा संपला, दिवे लागले. ब्रॅकनेलला राहणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींतला एक जण उभा राहिला. तरुण, हुशार, अजूनही मंडळात आहे, वाचेल हे.

“पर्सनली मला वाटतं स्क्रिप्ट बायस्ड आहे. त्या इंडियन मुलाला उगाच व्हिलन केलंय. तो बिचारा स्टुडंट व्हिसावर. त्याने कशाला मध्ये पडायचं? आणि इतका रेसिझम इथे नाहीये आता. मला तरी कधी फेस करावा लागलेला नाही.”

अध्यक्ष उठले. “आम्ही आलो तेव्हा घरमालक दारातून परत पाठवायचे. पण आम्ही सिनेमे नाही काढले. आम्ही अभ्यास केला, परीक्षा दिल्या, पिनरमध्ये घरं घेतली. ज्यांना रडायचंय ते रडतात.”

“करेक्ट,” मागून कुणीतरी.

अध्यक्षांच्या मिसेस म्हणाल्या, “आपल्या मुलांवर संस्कार असतात. आपल्याकडे असा भेदभाव नाहीच मुळी.”

तेव्हा माझ्या शेजारी नऊ नंबरवर बसलेली ती पोर उठली. कान लाल झाले होते तिचे.

“पण आई, ते मुलगा निर्दोष होता ना! आणि तू हसली. फोनला सगळे हसले. माझी बेस्ट फ्रेंड जमेकन आहे. तीन वर्ष झाला. ती आपल्या घरी एकदा पण नाही आला.”

“मग आण की. मी कधी नको म्हटलं?”

“मी नाही आणत. कारण तू कप वेगळी ठेवणार.”

“मी कधी वेगळा कप ठेवला कुणाचा?”

“तो ब्लॅक प्लंबर आला होता तेव्हा.”

अध्यक्ष म्हणाले, “बेटा, खाली बस.” ती बसली नाही. आणि याला तेवढंच पाहिजे होतं. स्टुलावरून उठला, वही उघडली, पाटीवरचं वाचावं तसा वाचायला लागला.

“दोन पन्नास. फोन वाजला. सीट एक ते आठ हसल्या. तीन नंबरने चार नंबरला कोपराने ढोसलं. नऊ नंबर हसली नाही. दहा ते सोळा हसल्या. तीन वीस. पडद्यावर आरडाओरडा. बारा नंबर मोबाइलमध्ये. तीन पस्तीस. कुणीतरी रडत होतं पडद्यावर. चार नंबर दात कोरत होते.”

बारा नंबर म्हणजे ब्रॅकनेलचा. तो तडकला. “एक्स्क्यूज मी, हे काय सर्व्हेलन्स आहे का? आमची परमिशन घेतली होती तुम्ही?”

“तिकीट फाडलं तेव्हा घेतली.”

“हा ॲब्सर्ड माणूस आहे!”

“असेल. पण आता म्हणालात की तुम्हाला काही फेस करावं लागलं नाही. तुमचं तोंड दोन तास माझ्यापुढे होतं. फोन वाजला तेव्हा हसलात आणि मग तुम्ही आजूबाजूला बघितलंत, सगळे हसतायत ना म्हणून. ज्याला काही नाही तो आजूबाजूला बघत नाही.”

मग एकदम गिल्ला झाला. सगळे एकावर एक बोलायला लागले. कुणी म्हणे हा मंडळाचा अपमान आहे. कुणी म्हणे असले सिनेमे लावायचेच कशाला, आपण रविवारी दोन घटका करमणुकीला येतो. अध्यक्षांच्या मिसेस रुमाल शोधत होत्या. आणि त्या गोंधळात तो बॅटरी वर करून ओरडला, “थांबा! सात नंबरला बोलायचंय!”

मी बघितलं. हिने हात वर केला होता. पूर्ण नाही. कोपर अंगाला चिकटलेलं, पंजा खांद्याएवढा, शाळेत उत्तर येतंय पण खात्री नाही अशा पोरीसारखा. एवढ्या वर्षांच्या सिनेमांत तिचं वाक्य ठरलेलं असायचं, “गाणी चांगली होती.” हात तिने कधीच वर केला नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, वातावरण तापलंय. आधी जरा चहाचं बघता का?”

तिने अध्यक्षांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “ऊठ की. चहा ठेव.”

मला भांडण नको होतं. डोळ्यांवर झोप होती. चहा पाहिजे होता. दुसरं काही कारण नव्हतं, आणि हेच मला खातं. मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं.

तिने हात खाली घेतला, पदर खोचला आणि किचनमध्ये गेली. त्याने बॅटरी पेटवली आणि माझ्या तोंडावर धरली. लख्ख दिवे चालू असताना. किती वेळ धरली होती कोण जाणे. मग बंद केली आणि वहीत लिहिलं.

त्या दिवशी बसने घरी येताना मी विचारलं नाही तिला, काय बोलणार होतीस. ती स्वतःहून एवढंच म्हणाली, “चहा पातळ झाला आज.”

कमिटीने पुढच्या आठवड्यात त्याचे सिनेमे बंद केले. कारण लिहिलं होतं, हॉलच्या वेळेची अडचण. त्याने काही तक्रार केली नाही. खुर्च्यांवरचे खडूचे नंबर ओल्या फडक्याने एकटाच पुसून गेला.

दोन वर्षांनी ही गेली. पोटात होतं. उशिरा कळलं. त्याबद्दल लिहायचं नाही मला.

क्रिमेटोरियममध्ये तुम्ही सगळे आला होतात. त्याबद्दल आभार मानायला पाहिजेत, तर मानतो. आणि तिथे या माणसाने काय केलं तेही तुम्ही बघितलंत. पेटी पुढे, तिच्या बाजूला पेटी आत नेताना ओढतात तो पडदा, आणि हा पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. पेटीकडे पाठ करून. आमच्याकडे तोंड करून. तोच तो तपकिरी कोट. हातात वही.

मी उठलो आणि त्याची कॉलर धरली. भटजी थांबला. म्हणालो, “भडव्या, तिच्याकडे पाठ करतोस?”

तो हलला नाही. हळू म्हणाला, “तिला बघायला सगळे आहेत. सगळ्यांना बघायला कोण आहे?”

मी त्याला दारापर्यंत ढकलत नेला. तुमच्यातल्या दोघांनी मला मदत केली. ब्रॅकनेलचा एक होता. त्या दिवशी मला तो फार सज्जन वाटला.

मग शोकसभा. त्याच हॉलमध्ये. “वहिनी म्हणजे हसतमुख.” “वहिनी म्हणजे मंडळाची अन्नपूर्णा.” “त्यांच्या हातचा चहा.” सगळे चहाच बोलले हो. एकजण उठून दुसरं काही बोलला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो. मी ऐकत बसलो आणि मनात म्हणत होतो, ही माणसं कुणाबद्दल बोलतायत? पण मला विचारलं असतं तर मी तरी काय बोललो असतो? मला चिडायला पण अधिकार नव्हता आणि चिडल्याशिवाय राहवत नव्हतं.

तेराव्यानंतर एका दुपारी दारावर टकटक. हा. पिशवीत सात-आठ वह्या. मी दार लावणार होतो, तर पाय मध्ये घातला. किचनमध्ये आला, खुर्ची फिरवली, खिडकीकडे पाठ करून माझ्यासमोर बसला आणि वाचायला लागला. विचारलं नाही, बसू का म्हणून.

“सीट सात हसली, पदर तोंडावर.

“सीट सात, डब्यातला लाडू काढला, अर्धा खाल्ला, अर्धा आठ नंबरसाठी ठेवला. आठ झोपेत.

“सीट सात, मारामारी आली की चपला काढून पाय वर घेते.

“सीट सात, हा सिनेमा आधी बघितलेला. रडायची जागा यायच्या आधीच रुमाल काढून बसली.

“सीट सात, नायिकेच्या आईचा आवाज आला की मान वर करते, नायिकेच्या आवाजाला नाही.”

अशा किती ओळी. दीड तास वाचत होता. मी तिच्याशेजारी बसलो होतो इतकी वर्षं आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचे पाय वर असायचे हे मला माहीत नव्हतं. सगळीकडे तिच्या खालची ओळ माझी. सीट आठ, झोप. सीट आठ, झोप. सीट आठ, घोरतो, सातने कोपर लावलं. मी रडलो त्याच्यासमोर. तो माझ्याकडे बघत होता पण लिहीत नव्हता. तेवढी लाज राखली.

मग ती वही आली. कॉलेजचा सिनेमा.

“तीन दहा. सीट सात एकदम ताठ. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. सीट आठ, झोप.

“पाच वीस. सीट सात हात वर, सीट आठने उठवलं.”

मी म्हणालो, “हे शेवटचं खोड.”

“नाही.”

“अरे, ती गेली. मला हे असं लिहिलेलं ठेवायचं नाही. खोड म्हणतो ना.”

“लेका, एकाच ओळीत आहे. तुला खोडायचं तर तिचा हात पण खोडायला लागेल.”

“काय बोलणार होती ती?”

“मला काय माहीत? मी दिसलं ते लिहितो. बोलली असती तर लिहिलं असतं.”

“तीन दहाला काय बघितलं तिने? ताठ कशाने झाली?”

तेव्हा पहिल्यांदा त्या माणसाचं तोंड पडलेलं मी बघितलं. म्हणाला, “माझी पाठ होती.”

म्हणजे बघा. पडद्यावर काय होतं ते तो बघत नव्हता, आणि मी झोपलो होतो. आम्हा दोघांत मिळून एक बाई धड बघितली गेली नाही. त्याचा राग त्याच्यावर काढायला मला सोपं गेलं. वह्या पिशवीत कोंबल्या आणि त्याला घराबाहेर काढला. चालता हो म्हणालो. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणालो. त्याने नाही दाखवलं. बसमध्ये एकदोनदा लांबून दिसला, उलट्या सीटवर. मी खालीच थांबलो, पुढची बस पकडली.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. मला फोन आला होता. मी गेलो नाही. सर्दीचं कारण सांगितलं. नंतर कळलं की पाच-सहा माणसं होती, सगळी पुढे तोंड करून बसली होती आणि वेळेच्या आधीच आटोपलं. ते ऐकल्यापासून मला नीट जेवण गेलेलं नाही.

आणि महिन्यापूर्वी अध्यक्षांची मुलगी घरी आली. आता नोकरीला आहे, मंडळाचा अंक तीच बघते. त्याने वह्या तिच्याकडे ठेवल्या होत्या, जाण्याआधी. एका वहीला चिठ्ठी लावलेली, “आठ नंबर.” ती वही तिने मला दिली, आणि जोडीला ती डीव्हीडी.

“काका, त्यांनी मला सांगितला होता, ही पण द्यायची. तीन वाजून दहा मिनिट बघायला सांगा, म्हणाले. अडीचला सुरू झाला होता ना, म्हणजे चाळीसावं मिनिट.”

त्याने स्वतः बघितलं होतं का, विचारलं. ती म्हणाली, “मी म्हटलं लावून देते. नको म्हणाले. माझी सीट नाही ती, म्हणाले.”

पोर गेल्यावर मी डीव्हीडी लावली. भर दुपारी, बरोबर अडीचला, पडदे न ओढता. झोप येऊ नये म्हणून उभाच राहिलो.

चाळीसावं मिनिट. कॉलेजचं कँटीन. गोरी पोरं एका बाजूला, आपली एका बाजूला. कचऱ्याच्या डब्यांजवळच्या टेबलावर तो काळा मुलगा एकटा. अजून खातोय. आणि टेबलं पुसणारी एक बाई येते. आपली बाई. टोपी, एप्रन, हातात निळं फडकं. बाकीची भरलेली टेबलं सोडून ती सरळ त्याच्या टेबलाशी येते आणि पुसायला लागते. तो प्लेट उचलतो. ती प्लेटखालचं पुसते. तो प्लेट घेऊन उठतो आणि जातो. ती त्याच्याकडे बघत पण नाही. बस, एवढंच. बुटाची नाडी बांधायला लागतो तेवढा वेळ. कुणीच बोलत नाही त्यात. तुम्ही कुणी बघितलं होतं? आठवतं कुणाला? बायस्ड म्हणालात, संस्कार म्हणालात, ही बाई बघितली होती का कुणी?

मी खाली बसलो.

कारण मला तिचं बोलणं आठवलं. किती वर्षांपूर्वीचं, मी पेपर चाळत होतो आणि ती भांडी लावता लावता सांगत होती. तिच्या कँटीनमध्ये असाच एक मुलगा यायचा, काळा, कचऱ्याच्या डब्यांपाशी एकटा बसायचा. दुसऱ्या टेबलावर बसला की तिथली पोरं उठून जायची. म्हणून तिथे. ती म्हणाली होती, “त्याचं टेबल मी सगळ्यात शेवटी पुसते. टेबल पुसलं की माणसाला उठायला लागतं ना हो. सुपरवायझर म्हणतो, उशीर का होतो? मी म्हणते, हात दुखतो.” आणि हसली होती. वर्षभर रोज हात दुखतो म्हणून सांगितलं होतं तिने.

मी पेपरमधून म्हणालो होतो, “तुला काय करायचंय नसत्या उठाठेवी?”

त्या हॉलमध्ये तुम्ही तासभर कॉलेजातल्या पोरांबद्दल भांडत होतात. कॉलेजात वीस-बावीस वर्षं रोज गेलेली एकच बाई तिथे होती. कोण कुठे बसतं, कोण कुणाजवळून उठतं, हे तिने हाताने पुसलं होतं. पडद्यावरच्या त्या बाईला तिला काहीतरी सांगायचं होतं, की तुम्हाला, की मला. आता कुणाला कळणार? तुम्ही चहा मागितलात. मी तिला उठवली. त्या काळ्या मुलाला फडक्याने उठवतात तशी.

वही माझ्यापुढे होती आणि पेनही होतं. ती ओळ खोडायला आता मला कुणी अडवणारं नव्हतं.

पोरीने परवा फोन करून सांगितलं की मंडळात तो सिनेमा पुन्हा लावणार आहेत, त्याच्या आठवणीत. या काका, बोला, म्हणाली. मी येईन. सात नंबरची खुर्ची माझ्याशेजारी रिकामी ठेवा. मी नुसतं एक वाक्य बोलून थांबणार नाही, तिचं आणि त्या मुलाच्या टेबलाचं सगळं बोलणार. आणि पोरीला मी म्हटलं, तुझ्या वडलांना सांग, माझं होईपर्यंत कुणी चहाचं नाव काढलं तर बॅटरी मारीन तोंडावर. ती हसली. मी हसत नव्हतो.

ती ओळ आहे तशी ठेवली. तिच्याखाली थोडी जागा होती. अक्षर माझं वाईट आहे, पण लिहिलं. दुपारी तीन दहा. सीट आठ. झोपला नाही.